इंदूबाईच्या नावाची डुबकी

माझ्या पुतण्याचा, संदीपचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "काकू, फुई गेली," एवढं म्हणाला आणि लगेच पुढचं वाक्य, "तुमच्याकडे तिचा एखादा बरा फोटो असेल तर पाठवा, बॅनरवाला थांबलाय." खरं सांगते, मला रडू आलं नाही. आधी संताप आला. संदीपचा आला, त्या बॅनरवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो इंदूबाईचाच. आठ दिवसांपूर्वी माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड वळवलेली ही बाई, माझ्याशी पुन्हा एक शब्द न बोलता निघून गेली. आणि मीही मोठी मानी. तिचा राग निवळू दे, मग जाऊ, संक्रांतीला तिळगूळ घेऊनच जाऊ, असं म्हणत घरात बसून राहिले. रनाळं, आमचं गाव, काही सातासमुद्रापलीकडे नाही. स्टँडवर बसमध्ये बसलं की माणूस चहा निवायच्या आत पोचतो. तरी मी गेले नाही, आणि संक्रांतीला दोन दिवस उरले असताना तिने डाव साधला.

इंदूबाई माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, भावंडांत शेंडेफळ. घरातली पोरं तिला फुई म्हणायची, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि हळूहळू सगळं गावच तिला इंदूफुई म्हणायला लागलं. लग्नानंतर तीन वर्षांत तिच्या नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला एका पत्र्याच्या पेटीसकट आमच्या दारात आणून सोडलं. त्यानंतर तिचं सगळं आयुष्य भावांच्या घरात गेलं. ब्लाऊज शिवायची. हात असा की एकदा माप घेतलं की पुन्हा दोरी लावायची गरज नाही, बाई जाड झाली की बारीक ते नुसतं बघून ओळखायची आणि तोंडावर सांगायचीही. शिवलेले ब्लाऊज गावोगाव पोचवायला माणूस कुठून आणणार? गोठ्यात माझ्या मोठ्या दिरांची, आप्पांची, मधे दांडा असलेली काळी सायकल कुजत पडली होती. इंदूबाईने ती धुतली, तेल घातलं, आणि खळ्यात एकटीच कैची मारत शिकली. दांड्याखालून पाय घालून, लुगड्याचा काचा मारून, गुडघे फोडून घेत. आप्पा म्हणाले, घराण्याचं नाक कापलं. सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याने टाकली ती उगीच नाही. इंदूबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हँडलला पिशवी अडकवून निघाली. चाळीसेक वर्षं ती त्या सायकलवर होती.

आणि आता बॅनर. गावच्या चौकात लावलाय, दीड महिना झाला तरी काढलेला नाही. शेवटी फोटो मीच पाठवला होता, माझ्या मुलाने प्रकाशा गावाच्या घाटावर काढलेला, इंदूबाई सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभी. त्यांनी सायकल कापली. संदीप म्हणतो, काकू, सायकल बरी दिसत नव्हती. म्हणून मग बॅनरवर इंदूबाई दोन्ही मुठी पुढे करून उभी आहे आणि मुठींत काहीच नाही. खाली लिहिलंय, 'धर्मपरायण व कुटुंबवत्सल'. त्याखाली शोकाकुल म्हणून संदीपचं नाव, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, कारण पुढच्या साली ग्रामपंचायत आहे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. कुटुंबवत्सल म्हणे. कुटुंब तिच्याशी कसं वागलं ते मला विचारा. मी त्या कुटुंबातच होते आणि मीही काही कमी केलेलं नाही.

एकवीस वर्षं झाली त्याला. आप्पांनी काशीयात्रा ठरवली. आप्पा, जाऊबाई, माझे यजमान, मी, आणि भावकीतली सहा माणसं. कार्तिकात जायचं, शेतातली घाई संपली की. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, गोठ्यात दोन म्हशी. मग घरी कोण राहणार? हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही. उत्तर चुलीपुढे बसून भाकरी थापत होतं. ती एकदाच म्हणाली, मी पण आले असते. आप्पा म्हणाले, तू पुढला सालले जाय. पुढचं साल कधी आलं नाही हे सांगायला नको. निघायच्या सकाळी मी पेटी बांधत होते तर इंदूबाई आली, हात पिठाचे, आणि दारातच उभी राहून म्हणाली, "वैनी, मन्हा नावनी एक डुबकी मारजो." तिने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, अगं, एक काय, पाच मारीन.

काशीत मी किती डुबक्या मारल्या म्हणून सांगू… सासूबाईंच्या नावाची मारली. मुलाच्या दहावीसाठी मारली. खांडबाऱ्याच्या माझ्या माहेरच्या सगळ्यांच्या नावाने एकेक मारली, वडिलांच्या, आईच्या, स्टेशनाजवळ राहणाऱ्या काकांच्याही. माझ्या शाळेच्या हेडबाईंनी सांगितलं होतं, त्यांच्याही नावाची मारली, कारण बदलीचे कागद त्यांच्या टेबलावर होते. मग आप्पांनी काठावरून हाक मारली, चला, गाडी निघाली. मी साडी पिळली आणि वर आले. इंदूबाई माझ्या डोक्यातच आली नाही. विसरले म्हणजे चक्क विसरले. माणूस ज्याच्यावर सगळं घर टाकून जातो त्यालाच विसरतो, असं काही मोठं बोलून मी यातून सुटणार नाही. मी विसरले.

घरी पोचलो. पायावर पाणी पडायच्या आधी ती गोठ्यातून धावत आली, शेणाचे हात तसेच, आणि पहिला प्रश्न तोच. "मारी का डुबकी?" मी म्हणाले, "मारी ना." दोन शब्द. दमले होते, अंग दुखत होतं, तिचं तोंड बघवेना, म्हणून बोलून गेले. वाटलं, कुणाचं काय बिघडतं. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग मन्ही काशी हुई गयी."

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या जिल्ह्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. त्याला दक्षिण काशी म्हणतात. देवळांचं गाव, आणि गाव म्हणजे किती जुनं, तर शहाण्या लोकांनी टेकाड खणलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीची खापरं निघाली. आमची समजूत अशी की काशी करून आलेल्या माणसाने प्रकाशाला जाऊन उत्तरपूजा केली नाही तर त्याची काशी पुरी होत नाही. काशीहून आलेले लोक म्हणून आठ-पंधरा दिवसांत प्रकाशा गाठतात. आम्हीही मार्गशीर्षातला एक दिवस धरला, जीप ठरवली. आणि त्या सकाळी इंदूबाई धुतलेलं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन जीपजवळ येऊन उभी राहिली.

आप्पांनी विचारलं, तू कथा जाई ऱ्हायनी? ती म्हणाली, उत्तरपूजेला. आप्पा हसले. जीपमधले सगळे हसले. आप्पा म्हणाले, उत्तरपूजा काशी करणाऱ्यांची असते, तू कधी गेली काशीला? तर ही भर अंगणात, दहा माणसांपुढे, अगदी शांतपणे म्हणाली, वैनीने माझ्या नावाची डुबकी मारली आहे, तेव्हा माझी काशी झाली आहे, आणि आता उत्तरपूजा राहिली तर सगळं फुकट जाईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीजवळ बसले होते. त्या वेळी मी दोनपैकी एक गोष्ट करू शकले असते. खरं सांगू शकले असते, किंवा निदान खाली उतरून माझी जागा तिला देऊ शकले असते. मी पदर नीट केला आणि म्हणाले, हो, मारली आहे. आप्पा म्हणाले, असू दे, गाडीत जागा नाही. जीप निघाली.

पूजा झाली, आप्पांचा मान झाला, वरण-बट्टीचं जेवण झालं. दुपार टळल्यावर परत निघालो तर तापीच्या पुलावर समोरून एक सायकल येताना दिसली. रनाळ्याहून नंदुरबार, नंदुरबारहून शहाद्याचा रस्ता, सगळे मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर ती त्या जड सायकलवर आली होती. तोंड लालबुंद, लुगड्याचा काचा, हँडलला पिशवीत नारळ. ड्रायव्हरने वेग कमी केला. आप्पा म्हणाले, थांबू नको. तिने आम्हाला ओळखलं आणि एक हात सोडून हलवला. म्हणजे आनंदाने हलवला हो, सण असल्यासारखा. माझे यजमान पाण्याकडे बघत बसले, आणि मी… मी तो हात दिसलाच नाही असं केलं.

ती रात्री परत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आली. देवळातल्या गुरवाच्या घरी, त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ झोपली होती. त्याने तिची उत्तरपूजा व्यवस्थित करून दिली, कुठली काशी, कुणाची डुबकी, असं काही विचारलं नाही. आप्पा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाईमाणूस रात्रभर बाहेर राहिलं म्हणून. ती आपली मशीनवर बसून गुणगुणत होती, कारण येताना गुरवाच्या सुनेचं आणि तिच्या शेजारणीचं माप घेऊन आली होती.

नंतर दरवर्षी. मार्गशीर्ष लागला की इंदूबाई सायकलच्या चाकांत हवा भरायची. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा फडक्यात बांधायचा, पिशवीत शिवलेले ब्लाऊज आणि वर नारळ. मी एकदा म्हटलं, अगं, उत्तरपूजा एकदाच करायची असते. म्हणाली, तुला एकदाची गरज, तू पूर्ण गेली होतीस, माझी काशी थोडक्यात झालेली आहे, तिला दरवर्षी लागते. तापीकाठची गुजर शेतकऱ्यांची गावं तिला ओळखायला लागली. केळीच्या बागेतून बायका हाका मारायच्या, थांब, चहा पी, माप घे. देवाचं देवाला आणि गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला, असं दोन्ही ती एकाच फेरीत करायची. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांशी भांडायची. एकाने कट मारला तर पुढच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठून त्याच्या आईबद्दल चौकशी केली, इतक्या शांतपणे की तो पोरगा चहा टाकून पळाला. आणि हे सगळं घरी येऊन सांगताना आप्पा समोर असले की आवाज मुद्दाम मोठा करायची.

एका वर्षी मी बसने गेले आणि प्रकाशाला तिला भेटले. तेव्हा मी धानोऱ्याच्या शाळेवर होते, रजा टाकली होती. केदारेश्वराचं आणि काशीविश्वेश्वराचं देऊळ एकाच आवारात आहे. ती आधी केदारेश्वराला गेली, मग विश्वेश्वरापुढे बराच वेळ बसली आणि मला विचारलं, तिकडचा असाच आहे का? मी तिकडचा पाहिला होता तो रेटारेटीत, चिमूटभर वेळ, कुणाच्या तरी खांद्यावरून. म्हटलं, तो याहून लहान आहे. तिला ते आवडलं. मग घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो आणि ती म्हणाली, माझी डुबकी मारलीस तेव्हा पाणी कसं होतं? सांग ना. आणि मी काय केलं असेल… मी गोष्ट रचली. म्हटलं, तुझ्या डुबकीला माझा पाय शेवाळावरून सटकला, गटांगळी खाल्ली असती, पण एका मावशीने दंडाला धरलं आणि म्हणाली, कुणाच्या नावाची आहे ही, फार जड आहे. इंदूबाई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. जड शे ना मी, म्हणाली. ती गोष्ट तिने पुढे गावोगाव सांगितली. माप घेता घेता सांगायची. मला रस्त्यात बायका विचारायच्या, बाई, ती मावशी तुम्हीच का हो पाहिली होती? मी हो म्हणायचे. शाळेत मी पोरांना खोटं बोलू नये म्हणून हातावर छड्या दिल्या आहेत, आणि हे मी एकवीस वर्षं केलं.

गेल्या आश्विनात ती घरातल्या मोरीत पडली आणि खुबा मोडला. सगळं गाव म्हणालं, सायकलने घात केला. सायकलवर चाळीस वर्षांत तिचं एक हाड मोडलं नाही, मोडलं ते आप्पांच्या मोरीत, जिची फरशी बदला म्हणून ती तीन वर्षं सांगत होती. ऑपरेशन झालं, पण चालणं काही जमेना. मार्गशीर्ष खाटेवरच गेला. पौषात मी भेटायला गेले तर ती फार बेचैन होती. या साली उत्तरपूजा राहिली, असं सारखं म्हणत होती. संदीपला म्हणे सांगितलं, तू जाऊन नारळ ठेव, तर तो म्हणाला, फुई, मी तिथून तुला व्हिडिओवर दर्शन घडवतो. ती माझा हात धरून म्हणाली, वैनी, आता मी उठत नाही, माझी काशी अर्धी राहणार. आणि रडायला लागली. नवऱ्याने टाकली तेव्हा न रडलेली बाई.

मला वाटलं, हिचा जीव मोकळा करावा. मला वाटलं, हे असलं काही अर्धं-पुरं नसतंच, मुळात झालंच नाही तर राहील काय, असं सांगितलं की ती शांत होईल. मूर्खपणाला काही सीमा? शिक्षिकेची खोड, बरोबर उत्तर सांगून टाकायचं. मी म्हटलं, इंदू, ऐक. मी तुझ्या नावाची डुबकी मारली नव्हती. विसरले होते.

ती रडायची थांबली. मग विचारलं, "आनि ती मावशी?" मी म्हटलं, मावशी पण नव्हती. तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. "मंग मी एकवीस वरीस काय कयं?" हे ती मोठ्याने बोलली नाही. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलत सुटले, भाव महत्त्वाचा, देव बघतो, तुझी भक्ती खरी होती, शाळेच्या परिपाठात सांगतात तसलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी तासभर बसले, चहा केला, तो तिने घेतला नाही. निघताना चपला घालत होते तेव्हा पाठीमागून आवाज आला, तोंड न वळवता. "आते जाय. आनि मार डुबकी. आनि मंग प्रकाशाले जाय, जीपमा नही."

तिने मला माफ केलं असं कुणी म्हणू नये. माणूस गेलं की मागचे लोक आपल्या सोयीने सगळी माफी त्याच्या तोंडी घालतात. तिने मला माफ केलेलं नाही. तिने काम सांगितलं. सहा दिवसांनी छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत ती गेली.

अस्थी प्रकाशाच्या संगमावर नेल्या. पाच गाड्या होत्या, प्रत्येकीत दोन-तीन जागा रिकाम्या. हे मी मोजायला नको होतं, पण मी मोजलं. आप्पा आता पंचाहत्तरीचे, काठी टेकत पाण्याशी आले, विधी झाला आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, आज आमच्या इंदूची काशी झाली, भावाने बहिणीला काशी घडवली. माना हलल्या. एकाने डोळे पुसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, "आप्पा, याच घाटावर ती सायकलवर आली होती, तुमच्या जीपमध्ये तिला जागा नव्हती म्हणून. पुलावर तिने हात केला तेव्हा तुम्ही गाडी थांबवू दिली नाही." आप्पा म्हणाले, "मास्तरीणबाई, जागा पाहून बोला." मी म्हटलं, जागा पाहूनच बोलते आहे. आणि मग माझंही सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर, की डुबकी मी मारली नव्हती, खोटं बोलले होते, मावशीही खोटी. गुरवाची सून गर्दीत होती, इंदूबाईने शिवलेल्या ब्लाऊजात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून तो चेहरा आठवतो. आप्पांवर मी ओरडले तेव्हा लोकांना बरं वाटलं होतं, माझ्यावर आले तेव्हा कुणाला काय करावं ते कळेना. संदीप म्हणाला, काकूंना धक्का बसलाय, गाडीत बसवा.

तेराव्यानंतर मी काशीला गेले. एकटीच. मुलगा म्हणत होता विमानाने जा, मी म्हटलं, आगगाडीने गेले होते, आगगाडीनेच जाईन. पहाटे घाटावर पोचले. माघाची थंडी, पाणी असं की पाय घातल्याबरोबर कळ डोक्यात जावी. पाण्यात कमरेपर्यंत उतरले, तिचं नाव मोठ्याने घेतलं, माहेरच्या आडनावासकट, आणि बुडी मारली. पाय सटकला नाही. कुणी दंडाला धरलं नाही. शेजारी एक माणूस दात घासत होता. दुसरी मारलीच नाही, मुलाच्या नावाची नाही की माझ्या नावाची नाही. पदर पिळून वर आले, सगळं मिळून इतकं थोडं काम होतं ते. इतकं थोडं. पायरीवर बसून मी मोठ्याने रडले आणि त्याच वेळी मला स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटत होती.

आता राहिली उत्तरपूजा. जीपमध्ये नाही असं तिने सांगितलं आहे. बस जीपमध्ये मोडते की नाही, असला कायदा मला काढायचा नाही, एकवीस वर्षं मी असलेच कायदे काढत होते. आप्पांनी निरोप पाठवला, झालं गेलं विसरा, गाडी पाठवतो. मी निरोप्याला चहा पाजला आणि रिकामं परत पाठवलं. त्याआधी रनाळ्याला जाऊन सायकल मात्र घेऊन आले. संदीप म्हणाला, न्या काकू, भंगारवाला उद्या येणारच होता.

रोज सकाळी साडेसहाला मी आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या मैदानात ती काढते. वय बासष्ट, एक गुडघा आधीच गेलेला. फिरायला येणारे निवृत्त लोक थांबून बघतात, एकजण तर रोज नव्याने सल्ला देतो. परवा पन्नासेक पावलं गेले आणि बाभळीच्या झाडात शिरले. कोपर सोललं. दुकानात चेन घट्ट करायला नेली तर दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, बाई, तुम्ही ठेंगण्या, पाय टेकत नाहीत म्हणून पडता, सीट चार बोटं खाली घेतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याने पाना लावलाही होता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, सीटला हात लावायचा नाही. तो म्हणाला, मग पडाल. मी म्हटलं, पडेन. ती उंची तिची आहे.